यंत्राला माणसाची भाषा शिकवणाऱ्या ग्रेसबाई

१९४४ सालच्या जुलै महिन्याची दुसरी तारीख. दुसरे महायुद्ध ऐन भरात आलेले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात नौदलाचा कोरा गणवेश घातलेली, शिडशिडीत बांध्याची ३७ वर्षांची एक बाई दाखल झाली. वर्षभरापूर्वीपर्यंत ती एका महिला महाविद्यालयात गणित शिकवत होती. आता तिच्यासमोर एक अजस्र यंत्र खडखडत होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन पाच टनांच्या घरात, पोटात साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग आणि शेकडो मैल लांबीची तार. त्याचे नाव 'मार्क वन'. प्रयोगशाळेचे प्रमुख हॉवर्ड एकेन हे नौदलातलेच अधिकारी आणि स्वभावाने जमदग्नी. यायला इतका उशीर का झाला, असे दरडावून त्यांनी बाईंचे स्वागत केले आणि एका गणिती श्रेणीचे आकडे २३ अंकांपर्यंत अचूक काढून आठवडाभरात द्या, असे फर्मावले. यंत्र चालवायचे कसे हे सांगणारे पुस्तक तेव्हा जगात कुठेही नव्हते. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, ५६१ पानांचे ते पुस्तक निघाले आणि त्यातला मोठा भाग याच बाईंच्या हातचा होता.

बाईंचे नाव ग्रेस मरे हॉपर. आज एखादा संशोधक चक्रीवादळाचा मार्ग, औषधाच्या रेणूची घडण किंवा पुलावर येणारा ताण महासंगणकाकडून काढून घेतो, तेव्हा त्या यंत्राच्या पोटात काय चालले आहे याची त्याला फारशी कल्पना नसते. ती असण्याची गरजही उरलेली नाही. त्याच्यासाठी तयार आज्ञावली असतात, माणसाला वाचता येईल अशा भाषा असतात, दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवून ठेवलेल्या गणितांचे भांडार असते. ही सोय आपोआप झालेली नाही. मोठे गणन करणारे यंत्र त्याची गुप्त लिपी जाणणाऱ्या चारदोन पंडितांचे, की ज्याला ज्याला प्रश्न पडला आहे त्या प्रत्येकाचे, यावर एके काळी खरोखरीचा झगडा झाला. त्या झगड्यात ग्रेसबाई अगदी पहिल्या फळीत होत्या.

सात घड्याळे

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात, पणजोबा नौदलात मोठ्या हुद्द्यावर. ग्रेस सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ वाजते कसे, हे पाहण्यासाठी तिने ते उघडले. पुन्हा जुळवता येईना, म्हणून घरातले दुसरे उघडले. मग तिसरे. असे करता करता सात घड्याळे सुटी होऊन पडली. आईने रागावून हे खेळ बंद पाडले नाहीत. यापुढे एकच घड्याळ खोलायचे, एवढी अट मात्र घातली. या आईचे उपकार संगणकशास्त्रावर आहेत असे म्हणायला हरकत नाही.

व्हासार या महिला महाविद्यालयाने पहिल्या वर्षी लॅटिन कच्चे म्हणून तिला प्रवेश नाकारला. पुढच्या वर्षी दिला. १९२८ मध्ये ती गणित आणि भौतिकशास्त्रात पदवीधर झाली. १९३० मध्ये येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळाली. त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकाशी विवाह झाला. १९३४ मध्ये येलमधूनच गणितात डॉक्टरेट मिळाली. तेव्हा ती व्हासारमध्ये शिकवतही होती. चारचौघींपेक्षा पुष्कळच वरचे, तरीही रुळावरचे आयुष्य.

युद्धाने ते रुळावरून उतरवले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि ग्रेसबाईंनी नौदलात जायचे मनावर घेतले. नौदलाला मात्र त्या नको होत्या. वय जास्त आणि वजन कमी, अवघे ४८ किलोच्या आसपास. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी वर्गातच राहावे, असे सरकारचे मत होते. बाईंनी महाविद्यालयातून रजा मिळवली, वजनाच्या अटीतून सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. आपल्याला जहाजांशी संबंधित काम मिळेल, अशी त्यांची अटकळ होती. मिळाले ते हार्वर्डचे तळघर.

वहीतल्या पाककृती

मार्क वनला काम सांगायचे म्हणजे कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडायची. कोणत्या कप्प्यातला आकडा कोणत्या कप्प्यात न्यायचा, त्याचे काय करायचे, ही प्रत्येक बारीकसारीक पायरी भोकांच्या खुणांत लिहायची. तीच पायरी पुनःपुन्हा करायची असेल तर पट्टीची दोन टोके चिकटवून तिचे कडे करायचे. यंत्र सेकंदाला तीन बेरजा करी. एका भागाकाराला १५ सेकंद लागत. आजच्या शाळकरी मुलाला हसू येईल असा हा वेग. पण कारकुनांच्या फौजेला महिनेच्या महिने लागणारी कामे ते यंत्र रात्रंदिवस न थकता करत असे, म्हणून त्या काळचे ते महासंगणकच होते.

त्याच उन्हाळ्यात जॉन फॉन नॉयमन हे विख्यात गणिती एक किचकट समीकरण घेऊन तिथे आले. आत दाबल्या जाणाऱ्या गोळ्याचे ते गणित होते. ते सोडवून दिले गेले. त्याचा संबंध नागासाकीवर पडलेल्या बाँबशी होता, हे ग्रेसबाईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे समजले. प्रश्न फॉन नॉयमन यांच्यासारख्या प्रज्ञावंताचा असला तरी तो यंत्रापुढे मांडण्यासाठी मधे भोके पाडणारी माणसे लागतच. जगात अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती.

या माणसांनी एक घरगुती युक्ती काढली. एखाद्या कोनाची ज्या काढायची, वर्गमूळ काढायचे, अशा नेहमी लागणाऱ्या कामांच्या आज्ञा एकदा नीट जुळल्या की त्या वहीत उतरवून ठेवायच्या आणि दुसऱ्याला लागल्या की त्याने आपली वही पुढे करायची. शेजारणीच्या वहीतून लोणच्याची कृती उतरवून घ्यावी तसेच ते होते. आणि कृती उतरवताना जे होते तेच इथेही होई. चमच्याची वाटी होते, मोहरीची मेथी होते. आज्ञा उतरवताना एखादे अक्षर अंकासारखे वाचले जाई, बेरजेत चूक होई आणि सगळे गणित वाया जाई. हुशार माणसेसुद्धा नक्कल करण्याच्या कामात कच्ची असतात, हे ग्रेसबाईंनी मनाशी टिपून ठेवले. नक्कल करणे हे तर यंत्राचे काम. मग ते यंत्रानेच का करू नये?

याच दिवसांतली पतंगाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क टू' या पुढच्या यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. आज्ञावलीतल्या चुकीला 'बग' म्हणायला ग्रेसबाईंनी सुरुवात केली असे सांगतात. पण तो शब्द तंत्रज्ञांच्या तोंडी त्याआधीपासून होता आणि पतंगही त्यांनी स्वतः शोधलेला नव्हता. गोष्ट त्यांनी पुढे जन्मभर रंगवून सांगितली, एवढे मात्र खरे.

चेकबुकातला घोळ

युद्ध संपले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. व्हासारने प्राध्यापकपद देऊ केले, ते बाईंनी नाकारले. हार्वर्डमध्ये स्त्रीला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातील एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्याशा कंपनीत नोकरी धरली. चाळिशी उलटलेली, घर मोडलेले, नोकरी बेभरवशाची. या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या आणि एकदा पोलिसांपर्यंत प्रकरण गेले होते. मित्रमंडळींनी सावरले, कामाने उभे केले. त्यांच्या गौरवगाथांत हा भाग सहसा गाळला जातो. पण पुढचे सगळे काम या खड्ड्यातून वर येऊन केलेले आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांची खरी उंची कळत नाही.

कंपनीतल्या 'बायनॅक' या यंत्राशी अष्टमान पद्धतीत बोलावे लागे. या पद्धतीत आठ आणि नऊ हे अंक नाहीत. सातानंतर थेट दहा लिहायचे. ग्रेसबाई या हिशेबात इतक्या बुडाल्या की घरचे चेकबुक जुळेनासे झाले. बँकेत असलेल्या भावाने तपासले तेव्हा उलगडा झाला. बाईंनी मधूनमधून वजाबाक्या अष्टमानात केल्या होत्या. यावर सगळे हसले, पण बाईंना त्यातला धडा दिसला. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली डोकी वाकवायची, हे उफराटे आहे. वाकायचे तर यंत्राने वाकावे.

१९५१-५२ मध्ये 'युनिव्हॅक' या नव्या संगणकावर त्यांनी हा विचार उतरवला. नेहमीच्या कामांच्या आज्ञांचे तुकडे चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. आता गणित मांडणाऱ्याने फक्त क्रमांक सांगायचे. फितीवरून ते तुकडे शोधणे, उतरवणे, एकमेकांना जोडणे आणि सलग आज्ञावली तयार करणे हे सगळे यंत्र करणार. या योजनेचे नाव 'ए-झीरो', आणि असे संकलन करणारा म्हणून तिला 'कंपायलर' हा शब्द मिळाला. आज्ञावलीत अजून न आलेल्या पुढच्या जागी उडी मारायची असेल तर काय, असा एक पेच होता. तो बाईंनी महाविद्यालयात खेळलेल्या बास्केटबॉलच्या आठवणीवरून सोडवला. चेंडू पुढच्या गड्याकडे टाकायचा, आपण पुढे पळायचे आणि मग तो परत घ्यायचा. आजच्या कंपायलरच्या मानाने ए-झीरो साधेच होते, जोडणी करणारे. इंग्लंडमध्ये केंब्रिजलाही मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तुकड्यांचे भांडार उभे केले होते. पण ही जुळवाजुळव यंत्राच्याच गळ्यात घालण्याचा हट्ट ग्रेसबाईंचा.

यानंतरची गोष्ट अधिक मोलाची. १९५३ मध्ये सुधारलेली 'ए-टू' आवृत्ती तयार झाली, तेव्हा युनिव्हॅक वापरणाऱ्यांना ती मूळ आज्ञांसकट देऊन टाकण्यात आली. वापरा, उघडून पाहा, चुका दुरुस्त करा आणि केलेली सुधारणा आम्हालाही कळवा, असे आवतण सोबत होते. जनगणना खाते, हवाई दल, अणुऊर्जा आयोगाची प्रयोगशाळा असे या यंत्राचे तेव्हाचे धनी. आज ज्याला मुक्त आज्ञावली म्हणतात आणि ज्यावर जगातले महासंगणक चालतात, त्या रीतीचे हे एक फार लवकरचे उदाहरण. वहीतली पाककृती आता छापून वाटली जाऊ लागली होती.

पंडितांचा विरोध

एवढे झाल्यावर कौतुक व्हायला हवे होते. झाले उलटेच. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असे सांगून जाणकारांनी मान फिरवली. त्यातल्या काहींचा आक्षेप प्रामाणिक होता. यंत्राचा वेळ अतिशय महाग, स्मृती अगदी तोकडी. युनिव्हॅकमध्ये अवघे एक हजार शब्द मावत. अशा वेळी सोयीसाठी यंत्र राबवणे त्यांना उधळपट्टी वाटे. पण काहींच्या विरोधामागे दुसरेही कारण होते. गुप्त लिपी सर्वांना आली तर आपली गरज कोणाला उरणार? आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा ज्ञानाच्या दारावरचा पहारा सैल झाला. ही तुलना फार ताणू नये. पण शास्त्र लोकभाषेत आणणाऱ्याला पहिला विरोध शास्त्र्यांकडूनच होतो, हा अनुभव देशकालाच्या पलीकडचा दिसतो.

ग्रेसबाईंनी चिकाटी सोडली नाही. आता त्यांना इंग्रजी शब्दांत लिहिलेल्या आज्ञा यंत्राला कळायला हव्या होत्या. वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटी आज्ञावली इंग्रजीत चालवून दाखवली. मग तीच फ्रेंचमध्ये आणि तीच जर्मनमध्ये. यंत्राच्या दृष्टीने सगळे शब्द ही निव्वळ चिन्हे, हे दाखवायचा त्यांचा हेतू. पण फिलाडेल्फियात बनलेल्या अस्सल अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे समजेल, या कल्पनेनेच वरिष्ठ हादरले. आम्ही इंग्रजीच वापरू, असे आश्वासन बाईंना अनेकदा द्यावे लागले. त्यातून 'फ्लो-मॅटिक' ही भाषा आली.

शास्त्रज्ञांच्या वाट्याला याच सुमारास, १९५७ मध्ये, 'फोरट्रान' आली. ती आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. गणितातल्या सूत्रासारखे लिहा, यंत्राच्या आज्ञा यंत्र बनवील, आणि त्या हाताने लिहिलेल्या आज्ञांइतक्याच वेगाने चालतील, हे त्यांनी सिद्ध केले. पंडितांचा उरलासुरला आक्षेप त्यामुळे गळून पडला. हवामानाची आणि भौतिकशास्त्राची कित्येक मोठी गणिते आजही फोरट्रानमध्ये लिहिलेली आहेत.

१९५९ मध्ये कचेरीच्या कामांसाठी सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा असावी, म्हणून सरकार आणि उद्योग एकत्र आले. त्यातून 'कोबोल' जन्मली. ग्रेसबाईंना तिची आई म्हणतात. प्रत्यक्षात ती घडवणाऱ्या समितीत जीन सॅमेट यांच्यासारखी अनेक माणसे होती. ग्रेसबाई सल्लागार होत्या आणि पाया त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. यंत्र बदलले की सगळे काम पहिल्यापासून, हा फेरा त्या दिवशी तुटायला लागला. आपल्या वाचकांना कोबोल आठवेल ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. जुन्या आज्ञावलींत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले असल्यामुळे सन २००० उजाडताच हिशेब कोलमडतील अशी धास्ती होती, आणि ते दुरुस्त करण्यासाठी मुंबई-पुण्याची कितीतरी मुले कोबोल शिकून परदेशी गेली. मराठी घरांतल्या अनेक पहिल्या विमानप्रवासांमागे, असा दूरचा का होईना, ग्रेसबाईंचा हात आहे.

तारेचा तुकडा आणि बैलांची जोडी

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठीत, नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात महिने होतात न होतात तोच परत बोलावले. नौदलाच्या संगणकांवर कोबोलच्या भाऊबंदकीत एकाचे दुसऱ्याला कळत नव्हते. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाई पुढे १९ वर्षे राहिल्या. नुसते प्रमाण ठरवून भागत नाही, प्रत्येक कंपायलर ते पाळतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या हव्यात, हे त्यांनी तिथे रुजवले. ऑगस्ट १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल या हुद्द्यावरून दुसऱ्यांदा निवृत्त झाल्या.

या वर्षांत त्या देशभर व्याख्याने देत हिंडल्या. पर्समध्ये तारेचे तुकडे असत, प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटरचे. एका सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्यात वीज जास्तीत जास्त इतकेच अंतर कापते, असे सांगून त्या तो तुकडा श्रोत्याच्या हातात ठेवत. वेगवान संगणक आकाराने लहान का हवा, हे मग वेगळे समजवावे लागत नसे. एकाच यंत्राला अवाढव्य करण्यापेक्षा अनेक यंत्रे एकत्र जुंपावीत, हे सांगताना त्या बैलांचा दाखला देत. ओंडका एका बैलाने हलेना तर शेतकरी मोठ्या बैलाची पैदास करत बसत नाही, तो दुसरा बैल जोडतो. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे लगेच पटेल. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला तो याच तत्त्वावर, अनेक छोटे प्रक्रियक एकत्र जुंपून. आजचे सगळे महासंगणक असेच बैलांचे तांडे आहेत.

१ जानेवारी १९९२ रोजी ग्रेसबाई गेल्या. मागून त्यांच्या नावाची युद्धनौका आली आणि २०१६ मध्ये मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान झाला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे सेकंदाला दहा लाख अब्जांहून अधिक गणिते करणारा एक महासंगणक बसवण्यात आला. शास्त्रज्ञांना दूरवरून वापरता यावा म्हणून उभारलेल्या त्या यंत्राला 'हॉपर' हेच नाव दिले होते.

तांडा मोठा झाला की तो हाकणे अवघड होते. हजारो प्रक्रियकांवर गणित वाटून द्यायचे तर पुन्हा नवी लिपी शिकावी लागते, आणि ती येणारे पुन्हा थोडेच असतात. रसायनशास्त्रातला किंवा शेतीशास्त्रातला संशोधक आजही कित्येकदा यंत्र आणि प्रश्न दोन्ही हाताशी असून अडतो. आज्ञावली बसवता येत नाही, जुळत नाही, सांगणारे कोणी नसते. म्हणून मोठमोठ्या गणन केंद्रांत यंत्रांइतकाच खर्च ती वापरायला सोपी करणाऱ्या माणसांवर व्हायला हवा. ग्रेसबाईंच्या कचेरीत एक उलटे चालणारे घड्याळ टांगलेले असे. नेहमीच्या दिशेनेच काटे फिरले पाहिजेत असे कुठे लिहिले आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून. लहानपणी सुटी केलेल्या सात घड्याळांनंतरचे ते आठवे, आणि हे मात्र अचूक वेळ दाखवत असे.